सुताराची बोटे आणि यंत्र-कंपन्यांचा नफा

लाकूडकामाच्या यंत्रावर कामगाराचे बोट तुटले, की ते त्याच्या निष्काळजीपणामुळे तुटले हा निकाल चौकशीपूर्वीच लागलेला असतो. यंत्र बनविणारी कंपनी, वखारीचा मालक, विमा कंपनी आणि पुष्कळदा सरकारी निरीक्षकही या एका बाबतीत एकमुखाने बोलतात. मिस्त्रीचे लक्ष नव्हते, पात्यावरील झाकण त्याने स्वतःच काढून ठेवले होते, घाई त्यालाच होती. घाई का होती, झाकण कशासाठी काढावे लागले, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. मालकवर्गाला हा सिद्धांत जितका सोयीचा आहे तितकाच तो खोटा आहे. आणि तो खोटा असल्याचा पुरावा गेल्या पंचवीस वर्षांत खुद्द यंत्रानेच दिला आहे.

गोल करवतीच्या टेबलावरील दहा इंची पाते मिनिटाला सुमारे ४००० फेरे घेते. म्हणजे त्याच्या दात्यांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात जातो. डोळ्यांनी धोका पाहावा, मेंदूने आज्ञा द्यावी आणि हाताने मागे यावे, यास सर्वसाधारणपणे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्या अवधीत पाते तेरा वेळा फिरलेले असते; ते चाळीस दात्यांचे असेल तर पाचशेहून अधिक दाते त्या जागेवरून निघून गेलेले असतात. त्यात लाकूड ओले किंवा पीळ असलेले असेल तर कापता कापता मागची चीर मिटते, पाते आवळले जाते, फळी उसळून कामगाराच्या अंगावर येते आणि तिच्यावर दाब देऊन असलेला हात पात्याकडे ओढला जातो. अशा वेळी सावधपणा म्हणजे नेमके काय करायचे? तीस वर्षे हातात रंधा धरलेला कसबी सुतारही या गतीपुढे नवशिक्याइतकाच असहाय असतो. ज्या धोक्यापुढे माणसाची प्रतिक्रिया पोहोचूच शकत नाही, त्याची जबाबदारी माणसाच्या लक्षावर टाकणे ही शुद्ध लबाडी आहे.

थांबू शकणारी करवत

ही गती यंत्राला मात्र रोखता येते. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील स्टीफन गॅस हे व्यवसायाने पेटंटचे वकील, शिक्षणाने भौतिकशास्त्रातील डॉक्टर आणि हौसेने सुतार. त्यांनी १९९९ साली असे साधन तयार केले, की फिरत्या पात्याला मानवी शरीराचा स्पर्श होताच पाते जागच्या जागी थांबते. त्यातील तत्त्व सोपे आहे. पात्यातून एक अत्यंत क्षीण विद्युत्-संकेत सतत सोडलेला असतो. लाकूड हे विजेचे मंद वाहक, तर माणसाचे शरीर चांगले वाहक. त्यामुळे बोट टेकताच तो संकेत बदलतो. त्याबरोबर एक बारीक तार वितळते, तिने आवरून धरलेली स्प्रिंग सुटते आणि अॅल्युमिनियमचा एक ठोकळा पात्याच्या दात्यांत जाऊन रुततो. पाच सहस्रांश सेकंदांच्या आत पाते थांबते आणि टेबलाखाली जाते. जेथे बोट गेले असते तेथे ओरखडा उमटतो. २००० साली अटलांटा येथील लाकूडकाम-यंत्रांच्या प्रदर्शनात मांसाच्या सुरळीवर हा प्रयोग करून दाखविण्यात आला. पुढे गॅस यांनी तो स्वतःच्या बोटावरही करून दाखविला.

कोणाही सरळ माणसाला वाटेल, की कंपन्यांनी हे साधन तत्काळ उचलले असेल. घडले ते उलट. अमेरिकेच्या बाजारातील बड्या यंत्रोत्पादकांकडे गॅस यांनी परवाना देऊ केला. एकीनेही ते साधन आपल्या करवतीवर बसविले नाही. अखेर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सॉस्टॉप’ या नावाने स्वतःच उत्पादन सुरू केले आणि २००४ पासून त्या करवती बाजारात आल्या. कंपन्यांची कारणे तयारच होती. ओल्या लाकडावर पाते विनाकारण थांबेल. ठोकळा आणि पाते दोन्ही बदलावी लागतील. स्वस्त करवतीची किंमत वाढून छोटा ग्राहक बाजारातून उठेल. यांतील पहिले कारण तांत्रिक सुधारणेचे आहे आणि दुसरे हास्यास्पद आहे, कारण एका पात्याच्या किमतीत बोट वाचत असेल तर तो सौदा कोणत्या सुताराला महाग वाटेल? खरे कारण तिसऱ्यात दडले आहे. करवत महाग झाली तर तिचा भुर्दंड कंपनीच्या विक्रीवर पडतो. बोट तुटले तर भुर्दंड ज्याचे बोट त्याच्यावर, त्याच्या घरावर आणि सार्वजनिक रुग्णालयावर पडतो. कंपनीच्या ताळेबंदात तुटलेल्या बोटाला रकानाच नसतो.

या रकान्याबाहेरच्या हिशेबाचा आकार अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेच मांडला आहे. आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०१५ या एका वर्षात टेबल-करवतीच्या पात्याला अंग लागून झालेल्या सुमारे ३०,८०० जखमा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आल्या आणि त्यांपैकी सुमारे ४,७०० जखमा अवयव तुटण्याच्या होत्या. या जखमांची समाजाला पडणारी किंमत आयोगाने वर्षाला ४ अब्ज डॉलरच्या आसपास धरली. हे साधन सक्तीचे करावे असा अर्ज २००३ साली आयोगापुढे आला. आयोगाने २०११ साली प्राथमिक सूचना काढली, २०१७ साली नियमाचा मसुदा काढला, २०२३ साली पुरवणी मसुदा काढला. यंत्रोत्पादकांच्या ‘पॉवर टूल इन्स्टिट्यूट’ या संघटनेने प्रत्येक टप्प्यावर विरोध केला. अर्जाला दोन दशके उलटून गेली तरी सक्तीचा नियम झालेला नाही. जगाला मुक्त बाजाराचे धडे देणाऱ्या देशात एका करवतीवर एक ठोकळा बसविण्याचा कायदा होत नाही, यावरून तेथील राज्यसंस्था कोणाच्या हातात आहे हे समजण्यास फार मोठ्या सिद्धांताची गरज पडू नये.

बोस्टन येथील खटलाही या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. कोलंबियातून आलेला एक स्थलांतरित कामगार लाकडी जमिनी बसविण्याचे काम करीत असताना २००५ साली र्योबी बनावटीच्या, २०० डॉलरहून कमी किमतीच्या करवतीवर जायबंदी झाला. अपघात टाळण्याचे साधन उपलब्ध असताना ते न बसविलेली करवत ही रचनेतच सदोष आहे, असा दावा त्याने केला. २०१० साली ज्यूरीने त्याला १५ लाख डॉलरची भरपाई दिली आणि २०११ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम केला. मात्र याच ज्यूरीने ३५ टक्के दोष कामगाराच्या माथी मारला, हेही विसरता कामा नये. तरीसुद्धा त्या निकालाने मान्य केलेली गोष्ट मोलाची आहे: जो धोका टाळता येतो तो यंत्रात तसाच राहू देणे हा कामगाराचा नव्हे, उत्पादकाचा दोष आहे.

येथे एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. भांडवली वृत्तपत्रांनी गॅस यांना एकाकी वीर आणि बड्या कंपन्यांना खलनायक ठरवून या प्रकरणाचे नाट्य केले. पण वीरानेही बाजाराचेच नियम पाळले. शोध लागला तो पेटंटांच्या कुंपणासह. कंपन्यांकडे स्वामित्वशुल्क मागितले गेले ते घाऊक किमतीच्या सुमारे ८ टक्के. ज्या साधनाची सक्ती सरकारने करावी असा अर्ज करायचा, त्याच साधनाची मक्तेदारी आपल्याकडे ठेवायची, हे दोन्ही एकदम चालले. बॉश कंपनीने पाते खाली पाडणारी आपली स्वतंत्र रचना असलेली करवत बाजारात आणली, तेव्हा सॉस्टॉपने पेटंटभंगाची तक्रार केली आणि २०१७ साली अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने त्या करवतीच्या आयातीवर बंदी घातली. त्याच वर्षी सॉस्टॉप स्वतः फेस्टूलच्या मालक असलेल्या जर्मन उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. २०२४ साली कंपनीने एक महत्त्वाचे पेटंट जनतेला खुले करण्याचे जाहीर केले, पण सक्तीचा नियम झाला तर! म्हणजे एका बाजूस बोट वाचविणारे ज्ञान नाकारणारे भांडवल, दुसऱ्या बाजूस तेच ज्ञान कुंपणात कोंडणारे भांडवल. आणि दोहोंच्या मधल्या जागेत पंचवीस वर्षे पाते फिरत राहिले.

युरोपातील उदाहरण याला पूरक आहे. फेल्डर या ऑस्ट्रियन कंपनीने २०१९ साली हॅनोव्हरच्या प्रदर्शनात, हात पात्याला लागण्यापूर्वीच पाते खाली नेणारी करवत दाखविली. अल्टेनडॉर्फ या जर्मन कंपनीच्या करवतीवर कॅमेरे हाताची चाहूल घेतात. ही साधने बसतात ती बड्या कारखान्यांच्या महागड्या यंत्रांवर. तंत्रज्ञान आहे, ते चालते, ते विकलेही जाते. फक्त ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्याच कामगाराचे बोट शाबूत ठेवण्यालायक ठरते.

यंत्र नव्हे, यंत्राचा मालक

करवत आणि कामगार यांच्या या वैराला मोठा इतिहास आहे. १६३० च्या सुमारास लंडनजवळ एका डच माणसाने उभारलेली पवनचक्कीवरील करवत-गिरणी लोकांच्या प्रक्षोभाला बळी पडली, याची नोंद मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, यंत्रांवरील प्रकरणात घेतली आहे. त्याच ठिकाणी त्याने दाखविले आहे, की यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांतील भेद ओळखण्यास कामगारवर्गाला काळ आणि अनुभव दोन्ही लागले. जुन्या करवतकऱ्यांचे गिरणी पाडणे हे अज्ञान होते असे म्हणून हसणारे पुष्कळ असतात. पण त्यांच्या मागून आलेल्या यंत्रांचा हेतू काय होता, हेही पाहिले पाहिजे.

इंग्लंडच्या आरमारी गोद्यांचा महानिरीक्षक सॅम्युअल बेंथॅम याने १७९१ आणि १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. रंधा, करवत, खाच पाडणे, भोक पाडणे ही सारी कामे त्यांत आली. ही यंत्रे प्रथम कोणासाठी योजली गेली? कैद्यांसाठी. त्याचा भाऊ जेरेमी बेंथॅम ज्या सर्वदर्शी तुरुंगाचा आराखडा घेऊन सरकारदरबारी खेटे घालीत होता, त्या तुरुंगात कसब नसलेल्या माणसाकडून सुताराचे काम काढून घ्यावयाचे होते. म्हणजे लाकूडकामाच्या आधुनिक यंत्राच्या पाळण्यातच दोन गोष्टी लिहून ठेवलेल्या आहेत: कारागिराचे कसब काढून घेणे आणि पहाऱ्याखाली राबविणे. गोदीतील सुतारांना कामातून पडलेल्या ढलप्या घरी नेण्याचा परंपरागत हक्क होता. तो १८०१ साली रद्द करून त्याजागी रोख भत्ता दिला गेला. एका पिढीपूर्वीचा हक्क दुसऱ्या पिढीत चोरी ठरला. त्यानंतर पोर्ट्समथच्या गोदीत ब्रुनेलच्या आराखड्यावर मॉड्स्लेने बनविलेली ४५ यंत्रे उभी राहिली आणि शिडांच्या दोरांना लागणाऱ्या लाकडी कप्प्यांचे जे काम ११० कसबी कारागीर करीत, ते १० बिनकसबी माणसे करू लागली. १८०८ पर्यंत तेथे वर्षाला १,३०,००० कप्प्या निघत. मानवी श्रम वाचविण्याचा हा अद्भुत चमत्कार होता. पण वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडले? जे शंभर कारागीर उरले त्यांच्या पदरात तर निश्चितच नाही.

म्हणून प्रश्न करवत असावी की नसावी हा नाही. हातकरवतीने सागाचा ओंडका चिरण्याचे रक्त आटविणारे काम यंत्राने केले, हे स्वागतार्हच आहे. प्रश्न हा आहे, की त्या यंत्राची रचना कोणाच्या हिताने ठरते.

वखारीपासून फ्लॅटपर्यंत

भारतात हा प्रश्न अमेरिकेहून निराळ्या आणि अधिक क्रूर रूपात उभा आहे. दिल्लीचे कीर्तिनगर, हरियाणातील यमुनानगरचे प्लायवूडचे कारखाने, केरळातील पेरुंबावूर, राजस्थानातील जोधपूर, मुंबईतील ओशिवरा, या साऱ्या ठिकाणी लाकडावर राबणारे हात बहुतांशी परप्रांतांतून आलेले, कंत्राटावरचे आणि संघटनेबाहेरचे आहेत. भुशाची गोष्ट तर वेगळीच. लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदविले. तरी तोंडाला गमछा बांधणे हीच येथली सुरक्षा-व्यवस्था आहे.

कायदे कागदावर आहेत. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम २१ प्रमाणे यंत्राचे धोकादायक भाग झाकणे मालकावर बंधनकारक होते. राज्यांच्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या: पात्यामागे चीर मिटू न देणारी पोलादी सुरी, पात्यावर खालीवर होणारे मजबूत झाकण, टेबलाखालील पात्याला दोन्ही बाजूंनी पत्रे, लाकूड पुढे ढकलण्यास काठी. नियम उत्तम होते. पण ते लागू कोठे होते? वीज वापरणाऱ्या आणि दहा कामगार असलेल्या कारखान्याला. सहा माणसांच्या फर्निचरच्या गाळ्याला नव्हे. ही मर्यादा खाली आणण्याऐवजी ती वर नेण्याचा सपाटा राज्यकर्त्यांनी लावला. राजस्थानने २०१४ साली ती दहावरून वीसवर नेली, इतर राज्यांनी तोच कित्ता गिरविला आणि व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० ने ती देशभर पक्की केली: विजेवर चालणारा असल्यास वीस कामगार, विजेविना चाळीस. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी ही संहिता इतर तीन कामगार संहितांसह अंमलात आणली गेली. तिच्यात निरीक्षकाचेही नामांतर झाले. तो आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ झाला आहे. सुविधा कोणाची, हे विचारण्याचे कारण नाही.

याच सरकारी यंत्रणेला मनात आणल्यास काय साधते, याचेही उदाहरण लाकडातच मिळते. गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या आदेशांनी सॉ मिलना परवान्याच्या कडक शिस्तीत आणले. ओंडका कोठून आला याची नोंद ठेवावी लागते. जंगलासाठी ते आवश्यकच होते. पण जे राज्य प्रत्येक ओंडक्याचा हिशेब मागू शकते, ते त्याच वखारीत तुटलेल्या बोटांचा हिशेब मागू शकत नाही, ही असमर्थता नव्हे.

बोट तुटल्यावर काय मिळते, तेही पाहावे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने अवयवांचे दरपत्रकच तयार करून ठेवले आहे. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेची ३० टक्के हानी, संपूर्ण तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, करंगळी ७ टक्के. भरपाईसाठी धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा २०२० साली १५,००० रुपये ठरविण्यात आली. त्या हिशेबाने तीस वर्षांच्या कामगाराची उजव्या हाताची तर्जनी सुमारे २ लाख ६२ हजार रुपयांना पडते. सुताराच्या हातातील तर्जनी म्हणजे रंध्यावरचा दाब, पटाशीची दिशा, पेन्सिलीची रेघ. कायद्याच्या दृष्टीने ते १४ टक्के आहे. तेही मिळेलच असे नाही. कामगाराने सुरक्षेचे साधन हेतुपुरस्सर काढले असे मालकाने सिद्ध केले, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व वगळता भरपाई नाकारण्याची सोय त्याच कायद्यात होती. निष्काळजीपणाचा सिद्धांत एवढ्यासाठीच जिवंत ठेवला जातो. नगावर मजुरी ठरवायची, दिवसाला अमुक दरवाजे झालेच पाहिजेत असा तगादा लावायचा, झाकण कामात आडवे येते हे डोळ्यांनी पाहायचे, आणि बोट तुटल्यावर ‘झाकण कोणी काढले?’ म्हणून विचारायचे!

आणि ज्याला मालकच नाही, त्याचे काय? शहरांतील नव्या फ्लॅटमध्ये कपाटे आणि स्वयंपाकघरे उभी करणारा सुतार आज हातातील कटर प्लायच्या फळीखाली उलटा बांधतो, फळीतून पाते वर काढतो आणि त्यालाच टेबल-करवत म्हणून वापरतो. त्याला झाकण नसते, मागची सुरी नसते. चालू-बंदची कळ फळीखाली दोरीने किंवा पट्टीने दाबून ठेवलेली असते. हात अडकला तर ती बंद करण्यास दुसरा माणूस लागतो. असा वापर करू नये, असे कंपनी माहितीपुस्तिकेत छापते आणि मोकळी होते. पण देशभर कोणत्याही इमारतीत जाऊन पाहावे, कटर असाच वापरला जातो. विकणाऱ्याला ते ठाऊक आहे आणि बनविणाऱ्यालाही. सुतार यंत्र स्वतःच्या पैशाने घेतो, म्हणून सरकारच्या लेखी तो कामगार नव्हे, ‘स्वयंरोजगारी’ आहे. मालकाचे उत्तरदायित्व येथे हवेत विरते. उरतो तो एकच जबाबदार घटक: यंत्र बनवून नफा कमाविणारी कंपनी. आणि नेमका तोच कायद्याच्या तावडीतून निसटतो. कारखाने कायद्याच्या कलम २६ ने उघडे गियर व स्क्रू असलेले यंत्र विकणाऱ्याला ३ महिने कैद किंवा ५०० रुपये दंड सांगितला होता, भोपाळनंतर १९८७ साली कलम ७-ब ने उत्पादकाची कर्तव्येही घातली. पण दोन्ही ठिकाणी अट एकच, यंत्र ‘कारखान्यात वापरण्यासाठी’ असले पाहिजे.

उत्पादकाला हात लावता येत नाही, ही सबब मात्र चालणार नाही. मळणीयंत्रांत शेतमजुरांचे हात जाऊ लागले, तेव्हा संसदेने धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा, १९८३ संमत केला आणि शक्तिचलित मळणीयंत्र बनविणाऱ्यावरच परवान्याची व सुरक्षित रचनेची जबाबदारी टाकली. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय आहे. तत्त्व मान्य झाले होते. तेच तत्त्व गोल करवतीला, रंध्याच्या यंत्राला आणि उलट्या बांधल्या जाणाऱ्या कटरला लावले पाहिजे: मागची सुरी, झाकण आणि हाताशी असलेली बंद करण्याची कळ यांवाचून एकही टेबल-करवत विकता येऊ नये, मग ती चीनमधून आलेली असो, जर्मनीतून आलेली असो की लुधियानात बनलेली असो. पाते थांबविणारे साधन येथील बाजारात परवडणाऱ्या किमतीत आणण्याचे काम सार्वजनिक संशोधनसंस्थांकडे सोपविले पाहिजे.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर जो उपकर बसविला, त्याचे कोट्यवधी रुपये राज्यांच्या कल्याण मंडळांकडे जमा झाले आहेत. इमारतीत काम करणारा सुतार हाही बांधकाम कामगारच आहे. त्याची नोंदणी करून घेणे, उलटा बांधलेला कटर परत घेऊन त्याजागी झाकण असलेली छोटी टेबल-करवत मंडळाच्या निधीतून देणे, आणि तुटलेल्या प्रत्येक बोटाची नोंद यंत्राच्या कंपनीच्या नावासह ठेवणे, या तीन मागण्या बांधकाम कामगारांच्या मागणीपत्रांत आजच घालता येतात. यांपैकी तिसरी मागणी कंपन्यांना सर्वांत जास्त झोंबेल. म्हणून ती सर्वांत वर घातली जावी.